वाढत्या अंगाचा डोंगर

आक्कांचा पलंग खोलीच्या मधोमध येऊन थांबला, तेव्हा घरात पहिल्यांदा डोंगराचा विषय निघाला.

खरं तर ती टेकडीच होती. पण घराच्या पाठीला पाठ लावून बसलेल्या टेकडीला डोंगर म्हणण्याचा मोठेपणा द्यावाच लागतो. हा डोंगर बसल्या जागी हळूहळू पुढे सरकत होता. आधी घराच्या मागच्या भिंतीला पोट सुटलं, मग त्या पोटाने आक्कांचा पलंग ढकलायला सुरुवात केली. पलंग जाईल तिथे त्या झोपायच्या. पलंग बरोबर दिव्याखाली आला आणि डोळ्यांवर उजेड यायला लागला, तेव्हा मात्र त्यांनी भाच्याला फोन केला.

भाचा दुसऱ्या गावात राहत होता. ते गाव इतकं सपाट होतं, की सांडलेलं पाणी कुठे जावं हे न कळून जागच्या जागी वाळून जाई. "मावशी, रविवारी येतो गाडी घेऊन," भाचा म्हणाला. "इथे तुला एक जरी चढ दिसला तरी नाव बदलीन." आक्कांनी त्याच दिवशी कपडे आवरायला घेतले.

आक्कांचा धाकटा भाऊ शिंपी होता. सगळे त्याला मास्तर म्हणत. पुढच्या खोलीत दुकान, मधल्या खोलीत संसार आणि मागच्या खोलीत आक्का, असं ते घर होतं; मागच्या खोलीला दार एकच, तेही बाहेर अंगणात उघडणारं. कापायचं आणि शिवायचं मास्तरांनी, मापं सांभाळायची मास्तरीणबाईंनी आणि काजं करायची आक्कांनी. काज म्हणजे काय, तर बटण जायचं भोक. ऐकायला सोपं वाटतं. पण भोकाच्या कडेने एकेक टाका असा बसवायचा असतो, की आपल्याला भोक पडलंय हे कापडाला कळता कामा नये. मास्तरांनी आयुष्यात शिवलेल्या एकूण एक शर्टाची काजं आक्कांच्या हातची होती.

आक्का जाणार हे मास्तरांना जेवताना कळलं. त्यांना म्हणायचं होतं, 'जाऊ नकोस.' तोंडातून निघालं, "मग काजं कोण करणार?"

"यंत्र मिळतं काजांचं," आक्का म्हणाल्या आणि आपलं ताट उचलून आपल्या खोलीत गेल्या.

मास्तरीणबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. उसवलेल्या शिवणीकडेसुद्धा त्या कधी इतक्या रागाने पाहत नसत.

"शाबास," त्या म्हणाल्या. "निदान घास तरी गिळायचा होता आधी."

मास्तरांनी दुसऱ्या दिवशी कंत्राटदाराला बोलावलं. त्यांचा हिशेब सरळ होता. डोंगर थांबला तर पलंग थांबेल, आणि पलंग थांबला तर आक्का थांबेल. म्हणजे आक्काला काही सांगायची वेळच येणार नाही.

कंत्राटदार आला. त्याने डोंगराला पाठ टेकवली, डोळे मिटले आणि बराच वेळ तसाच उभा राहिला.

"रेटतोय," तो शेवटी म्हणाला. "संरक्षक भिंत लागेल, काँक्रीटची. माझी माणसं या आठवड्यात मोकळी आहेत. शुक्रवारी पाया ओतू, रविवारी सकाळी भिंत."

"काँक्रीट किती लागेल?"

"ते तुम्ही सांगायचं."

"मी?"

"मी मापं घेत नाही, मास्तर. पूर्वी घ्यायचो. कमी पडलं की गिऱ्हाईक म्हणायचं, कंत्राटदार चुकला. उरलं की म्हणायचं, कंत्राटदाराने खाल्लं. आता काँक्रीट काय खायची वस्तू आहे? तेव्हापासून ठरवलं, आकडा गिऱ्हाईकाचा, भिंत माझी. पण आकडा नीट द्या हं. ट्रकातून कालवूनच येतं ते. उरलं तर परत जात नाही. आणि कमी पडलं म्हणून अर्धी भिंत आज, अर्धी पुढच्या आठवड्यात, असं केलं तर मध्ये सांधा राहतो. डोंगराला बरोबर सांधाच सापडतो."

माप म्हटल्यावर मास्तरांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. त्यांनी गळ्यात टेप टाकली, कानावर खडू अडकवला आणि डोंगराच्या पायथ्याशी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फेरी मारली. मास्तरीणबाई मागून आकडे पाठ करत आल्या. पोटाचा घेर नऊ मीटर, उंची दोन मीटर.

"अठरा मीटर लागेल," मास्तर कंत्राटदाराला म्हणाले. "मोठ्या पन्ह्याचं असेल तर थोडं कमीतही बसवू."

"कसला पन्हा?"

"काँक्रीटचा."

कंत्राटदाराने डोकं खाजवलं. "आणि जाडी?"

"जाडी?" मास्तर हसले. "अहो, कापडाला जाडी कोण विचारतं?"

"मास्तर, जाडी नसलेली भिंत म्हणजे पडदा. डोंगर नाक शिंकरेल त्यात."

मास्तरांचा चेहरा उतरला. आयुष्यभर त्यांनी लांबी पाहिली होती, रुंदी पाहिली होती. तिसरं काही असतं आणि तेही मोजावं लागतं, हे त्यांच्या कधी मनातच आलं नव्हतं. कंत्राटदार मनाने वाईट नव्हता. तो त्यांना दुकानात घेऊन गेला आणि कापडं बेतायच्या टेबलावर त्याने थाप मारली.

"हे टेबल एक मीटर लांब, एक मीटर रुंद. जमिनीपासून उंच किती? जवळजवळ मीटरच. आता या टेबलाखाली जेवढी हवा आहे, तेवढी सगळी काँक्रीटने भरली असं समजा. तो झाला एक घनमीटर."

"वजन किती होईल त्याचं?" मास्तरीणबाईंनी विचारलं. त्या टेबलाशी स्टुलावर बसल्या होत्या.

"चोवीसशे किलो."

मास्तरीणबाईंनी टेबलाखालचे पाय हळूच बाहेर काढले.

मग टेबलांचा हिशेब सुरू झाला. भिंत खाली चाळीस सेंटिमीटर जाड आणि वर निमुळती होत वीस. म्हणजे सरासरी तीस. अठराला तीस सेंटिमीटरने गुणलं की झाली पाच टेबलं आणि वर अर्ध्याला कमी. मास्तर खूश झाले. पाच-साडेपाच टेबलं म्हणजे काहीच नाही.

"हे दिसतं ते झालं," कंत्राटदार म्हणाला. "आता न दिसणारं. भिंतीला पाय लागतो. जमिनीखाली दीड मीटर रुंद, चाळीस सेंटिमीटर जाड, भिंतीच्या लांबीएवढाच लांब. करा गुणाकार."

मास्तरांनी टेबलावरच खडूने गुणाकार केला. उत्तर बरोबर तेवढंच आलं. पाच टेबलं आणि वर अर्ध्याला कमी.

"म्हणजे जेवढी भिंत दिसते, तेवढीच पुरलेली असते?" त्यांनी विचारलं.

"चांगल्या भिंतीचं असंच असतं. आणि तो पाय पुढे काढायचा नाही, मागे डोंगराखाली सरकवायचा. डोंगर त्या पायावर उभा राहतो. आपण म्हणतो भिंतीने डोंगर धरलाय. पण त्याच्या वजनामुळेच भिंत जागेवर राहते. दोघं एकमेकांना धरून असतात."

"नवरा-बायकोसारखं," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"नवरा-बायको भांडून वेगळे होतात, वहिनी. हे त्याहून घट्ट."

सगळं मिळून अकरा टेबलं धरावीत असं ठरलं, आणि सांडलवंडीला थोडं वर. कंत्राटदार ट्रक सांगायला निघालाच होता, तेवढ्यात मास्तरांना राहवलं नाही. कापडाला कात्री लावायच्या आधी ते नेहमी एकदा पुन्हा टेप लावून बघत. ते मागे गेले, आणि पायथ्याशी मघाशी मारलेली खडूची रेघ त्यांना दिसेना. पोट रेघेच्या पुढे आलं होतं. त्यांनी घाईने टेप लावली. टेप लागताच डोंगराची माती सरसरली, पोट आत गेलं, रेघ पुन्हा दिसायला लागली. नऊ मीटर.

मास्तर घराच्या कोपऱ्याआड लपले आणि त्यांनी डोकावून पाहिलं. पोट बाहेर. ते खाकरत पुढे आले. पोट आत.

"अस्सं," मास्तर म्हणाले.

त्यांना त्यांचं पहिलं वर्ष आठवलं. बँडमध्ये पिपाणी वाजवणारा एक जण कोट शिवायला आला होता. आरशासमोर उभं राहून, श्वास रोखून त्याने माप दिलं. मास्तर तेव्हा नवखे होते, त्यांनी दिलं तसं घेतलं. कोट असा बसला की बघत राहावं. पुढे एका समारंभात त्याने पिपाणी तोंडाला लावली, छाती भरून श्वास घेतला आणि पहिल्याच सुराला कोटाची सगळी बटणं उडाली. एक तर ढोलावर जाऊन वाजलं. ताल चुकला नाही, एवढंच काय ते समाधान. त्या दिवसापासून मास्तर गिऱ्हाईकाला बोलण्यात गुंतवल्याशिवाय पोटाचं माप घेत नसत.

"डोंगर श्वास रोखतोय," त्यांनी कंत्राटदाराला सांगितलं.

कंत्राटदाराने मान डोलवली. "रोखतात काही काही. मागे एक विहीर होती. दोर सोडला की खोली चोरायची. तुम्ही असं करा, त्याचं लक्ष दुसरीकडे वेधा. मला उद्या सकाळी आकडा द्या. त्यानंतर ट्रक मिळायचा नाही."

मास्तर कामाला लागले. त्यांनी खुर्ची घेतली, डोंगरासमोर मांडली आणि दुकानातला गोड आवाज काढला.

"या, या. बऱ्याच दिवसांनी. घरचे सगळे ठीक? नेहमी वापरायला पाहिजे का समारंभासाठी?"

डोंगर ताठ. मास्तरीणबाई टेपचं टोक धरून वाकल्या होत्या. "नऊच," त्या दबक्या आवाजात म्हणाल्या.

मास्तरांनी हवापाण्याच्या गप्पा मारल्या. तब्येत खालावल्यासारखी दिसते म्हणाले. आजकाल कापडात पूर्वीचा दम राहिला नाही, म्हणाले. सैल कपड्यातच माणूस रुबाबदार दिसतो, असंही सुचवून पाहिलं. डोंगरावरून एक खडा घरंगळत आला आणि मास्तरांच्या चपलेवर पडला. बाकी काही नाही.

"तुमच्या गप्पांना मीसुद्धा पोट सोडणार नाही," मास्तरीणबाई कंबर सरळ करत म्हणाल्या. "आक्कांना सांगा. त्या बोलतात त्याच्याशी."

"कोण? आक्का? डोंगराशी?"

"अर्धं आयुष्य झालं. खिडकीत बसून काजं करतात आणि बोलतात. तुम्ही मशीनवर असता, तुम्हाला कुठलं ऐकू येणार?"

मास्तर मागच्या खोलीत गेले. आक्का पलंगावर बसून दोऱ्यांची रिळं कागदात गुंडाळत होत्या. पलंग आता दारापासून हातभर अंतरावर आला होता, त्यामुळे मास्तरांना दारातच उभं राहावं लागलं.

"आक्का, जरा काम होतं."

"बोल."

"डोंगराचं माप पाहिजे. तो पोट आत घेतो. तू जरा बोलतेस का त्याच्याशी?"

"मी कशाला? मी रविवारी निघाले. तुम्ही भिंत बांधा, नाहीतर बंगला बांधा."

"ओळखीचं माणूस असलं की गिऱ्हाईक सैल होतं, आक्का. तूच शिकवलंस मला."

आक्कांनी एक रीळ गुंडाळायचं थांबवलं. "मी शिकवलं ते बरोबर तेवढंच लक्षात राहतं तुझ्या," त्या म्हणाल्या. "बरं. पण मी काय बोलते ते ऐकायचं नाही. मशीन चालू ठेव."

"मशीनवर बसलो तर टेप कोण धरणार?"

"मग कानात कापूस घाल."

मास्तरांनी दुकानातून कापूस आणला, कोटाच्या खांद्यात भरायचा असतो तो. कानांत घातला आणि ते खिडकीखाली टेपचं टोक धरून उकिडवे बसले. दुसऱ्या टोकाला मास्तरीणबाई. तो कापूस असतो खांदे उंच दिसावेत म्हणून. त्याने आवाज काही अडत नाही, हे त्यांना पहिल्याच वाक्याला कळलं.

"ऐकतोस का रे लबाडा?" आक्का खिडकीतून म्हणाल्या. "तुझ्यामुळे माझ्यावर ही वेळ आली. सरकायचंच होतं तर तिकडे सरकायचं, माझ्याच अंगावर कशाला यायचं? भाचा चांगला आहे, नाही कोण म्हणतं. गॅलरी आहे म्हणे त्याच्याकडे. मी विचारलं, गॅलरीतून काय दिसतं, तर म्हणाला, गाड्या लावायची जागा. आता तिच्याशी काय बोलू मी? आणि ती मला काय सांगणार?"

वरची झुडपं जराशी हलली. टेप मास्तरांच्या बोटांतून अंगठ्याएवढी सरकली.

"आणि हा माझा भाऊ," आक्का पुढे म्हणाल्या. "पहिला टाका मी शिकवला याला. बोटात सुई घुसली होती, तरी 'ओय' म्हणाला नाही. मी म्हटलं, अरे, ओरड तरी! तर मान हलवली नुसती. साठी आली, अजून याच्या पोटातलं ओठांवर येत नाही. मी जाते म्हटलं, तर काय म्हणावं याने? काजं कोण करणार! नुसतं 'नको जाऊ' म्हणाला असता, तर मी दाराबाहेर पलंग टाकून झोपले असते, पण गेले नसते. मी म्हटलं, यंत्र आण. आता हा आणेलसुद्धा, बावळट. आणि महिन्याभराने सवयीने त्या यंत्राला विचारेल, आक्का, चहा टाकू का?"

आधी झुडपं गदगदली. मग खडे सुटले. मग सबंध डोंगर पोटातून हलला, हलत राहिला आणि शेवटी 'हुश्श' करून सैल सुटला. टेप मास्तरांच्या बोटांतून सर्रकन गेली.

"साडेदहा!" मास्तरीणबाई ओरडल्या. "अहो, साडेदहा! टेप धरा ना! डोळे कसले पुसताय?"

"माती गेली," मास्तर म्हणाले.

खिडकी धाडकन बंद झाली.

दीड मीटरचा फरक म्हणजे पावणेदोन टेबलं. एवढं काँक्रीट कमी पडलं असतं, तर भिंतीची गत पिपाणीवाल्याच्या कोटासारखी झाली असती. आता पायाला सव्वासहा टेबलं, भिंतीला सव्वासहा, आणि दोन्हीकडे सांडलवंडीला थोडं थोडं. मास्तरांच्या मनात अजूनही एक शंका होती. वाढत्या अंगाच्या मुलांचे कपडे ते आत कापड दुमडून शिवत, म्हणजे पुढच्या वर्षी शिवण उसवून सैल करता येई.

"हा डोंगर वाढत्या अंगाचा आहे," ते दुसऱ्या दिवशी कंत्राटदाराला म्हणाले. "आत थोडं दुमडून ठेवता येईल का?"

"काँक्रीटची शिवण उसवत नाही, मास्तर. वाढायचं तर त्याने वर वाढावं. आम्ही फक्त भोकं ठेवतो भिंतीत, मागचं पाणी बाहेर पडायला. पाणी तुंबलं की डोंगर फुगतो."

"भोकं?" आतून आवाज आला. आक्का दारात आल्या होत्या. "किती अंतरावर?"

"दीड-दोन मीटरवर, आक्का. पाइपाचे तुकडे टाकतो."

"एका रेषेत टाका. आणि तिरकी नकोत, तिरकं काज दरिद्री दिसतं." मग त्या म्हणाल्या, "आणि माझ्या खिडकीसमोर भिंतीला गळा ठेवा."

"गळा?"

"दोन मीटर रुंद, अर्धा मीटर खोल. समोर भिंत आली तर मी कुणाशी बोलू?"

मास्तरांचा चेहरा उजळला. "म्हणजे आक्का, तू..."

"मी खिडकीचं बोलतेय," आक्का म्हणाल्या. "माणूस गेलं म्हणून काय खिडक्या बुजवतात?"

कंत्राटदार डोंगराकडे पाहत राहिला. "आयुष्यात भिंतीला गळा ठेवला नाही मी," तो म्हणाला. "गोल की चौकोनी?"

"गोल," मास्तर आणि आक्का एकदमच म्हणाले.

शुक्रवारी पाया झाला. ट्रक पोटातलं काँक्रीट घुसळत आला आणि चरात ओतून गेला. डोंगराने जराही कुरकुर केली नाही. पायाखालून चर गेला तरी अंग चोरून उभा राहिला, ट्रायल देणारं गिऱ्हाईक टाचण्यांना भिऊन उभं राहतं तसा. मास्तर दिवसभर आक्काच्या खोलीच्या दारापर्यंत जात होते आणि परत येत होते. सांगायचं वाक्य दोनच शब्दांचं होतं. पण ते दारात पोचेपर्यंत त्याचं काहीतरी भलतंच होई. एकदा ते म्हणाले, "आक्का, काळा दोरा आहे का?" दुसऱ्यांदा म्हणाले, "आक्का, पांढरा?"

"तिसऱ्यांदा गेलात तर रंग संपतील," मास्तरीणबाई म्हणाल्या.

रविवारी सकाळी दुसरा ट्रक आला. फळ्यांचा साचा उभा होता, पाइपांची काजं एका रेषेत होती, खिडकीसमोर पत्रा वाकवून केलेला गोल गळा होता. काँक्रीट पडायला लागलं. माणसं ते कोंबत होती, ठोकत होती, वर येणारे बुडबुडे फोडत होती. मास्तर साच्याच्या कडेने टेप घेऊन धावत होते. त्यांचं कुणी ऐकत नव्हतं, आणि ऐकायची गरजही नव्हती. साचा काठोकाठ भरला. या टोकाला बोटभर कमी नाही, त्या टोकाला बोटभर जास्त नाही.

"मानलं, मास्तर," कंत्राटदार म्हणाला.

तेवढ्यात भाच्याची गाडी आली. भाचा अंगाने भरलेला, कोट घातलेला, सपाट रस्त्यांवर वाढल्यामुळे जरा घाईत चालणारा होता.

"मामा! मामी! मावशी तयार आहे ना? दुपारच्या आत पोचलो तर बरं."

"अरे, भिंत झाली की," मास्तर म्हणाले. "आता पलंग सरकणार नाही."

"छान झाली. पण मावशीची खोली मी रंगवूनसुद्धा घेतली, मामा." भाच्याने आत हाक मारली. "मावशी, चल!"

"आले," आतून आक्का म्हणाल्या.

मास्तरांनी तोंड उघडलं. दोन शब्द. सगळे त्यांच्याकडे बघत होते. मास्तरीणबाई तर ओठ हलवून त्यांना ते शब्द सांगतही होत्या. मास्तरांनी तोंड मिटलं.

"ओ मालक!" ट्रकवाला ओरडला. "थोडं उरलंय! कुठे ओतू?"

उरणारच होतं. हिशेब सबंध भिंतीचा होता, आणि गळा नंतर कापला होता. गळा कापला की कापडाचा तुकडा हातात येतो, हे गावातल्या कुठल्याही शिंप्याने सांगितलं असतं. पण मास्तर तो वजा करायला विसरले होते. टेबलाच्या चौथ्या हिश्श्याला थोडं कमी, एवढं काँक्रीट ट्रकाच्या पोटात फिरत होतं.

"लवकर सांगा, आत घट्ट झालं तर माझा ट्रक गेला!"

मास्तरांनी भाच्याकडे पाहिलं. मागच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. आक्का हातात पिशवी घेऊन उंबरठ्यापर्यंत आल्या होत्या.

"तिथे," मास्तर म्हणाले आणि त्यांनी दाराकडे बोट दाखवलं. "दारात. पायरी करायची आहे."

"आत्ता?" कंत्राटदार म्हणाला. "फळ्या..."

"लावा फळ्या!"

फळ्या लागल्या. ट्रकची पन्हळ वळली आणि आक्कांच्या दारात, उंबरठ्याला लागून, मीटरभर लांब, मीटरभर रुंद, ओलं, राखाडी काँक्रीट येऊन पसरलं. अलीकडे भाचा, पलीकडे आक्का. कंत्राटदाराने सवयीने थापी फिरवून ते सपाटसुद्धा केलं.

"अरे मेल्या," आक्का म्हणाल्या, "आता मी बाहेर कशी येणार?"

मास्तर पुढे झाले. त्यांचे पाय फळीला टेकले.

"नको येऊ," ते म्हणाले.

ट्रकचं पोट रिकामंच फिरत होतं, ते ट्रकवाल्याने बंद केलं.

"काय म्हणालास?"

"नको येऊ बाहेर. नको जाऊ. काज-बिज काही नको, आक्का. यंत्र नको मला. तू नुसती बस तिथे."

आक्कांनी पिशवी खाली ठेवली. त्या बराच वेळ भावाकडे बघत होत्या. सुई ओवताना माणूस दोऱ्याचं टोक बघतो, तशा.

"मामा, हे काय?" भाचा म्हणाला. "फळी टाकून येईल की ती. नाहीतर मी उचलून घेतो."

"पाय ठेवायचा नाही हं!" आक्का गरजल्या. भाच्याने पुढे टाकलेला पाय मागे घेतला. "ओलं आहे ते. कंत्राटदार, पक्कं व्हायला किती दिवस लागतात?"

"चालायला परवा चालेल, आक्का. पण पुरती ताकद यायची म्हणजे अठ्ठावीस दिवस."

"मग अठ्ठावीस. अर्धवट काम मला आवडत नाही. त्यानंतर बघू." त्यांनी भाच्याकडे वळून पाहिलं. "तू आलाच आहेस तर तो कोट दे इकडे. वरचं काज फाटलंय, कधीची बघतेय. रंगवलेल्या खोलीत शिलाईचं मशीन ठेव. नाहीतर लग्न कर."

भाच्याने मामीकडे पाहिलं. मामी आनंदाने पार फुलून गेल्या होत्या, त्यांच्याकडून काही मदत होईलसं दिसेना. त्याने कोट काढला, ओल्या पायरीवरून वाकून हात लांब केला. पलीकडून आक्कांनी हात लांब करून तो घेतला.

"आणि यावर पाणी मारावं लागतं ना रोज?" आक्कांनी विचारलं.

"सकाळ-संध्याकाळ. तडा जाऊ नये म्हणून."

"हे दोघं विसरतील. मीच मारीन. बादली द्या."

"आत्ता नाही, आक्का," कंत्राटदार हसत म्हणाला. "उद्यापासून."

"मग उद्याचं पाणी आज भरून ठेवा," आक्का म्हणाल्या, आणि मास्तर बादली आणायला धावले.